ना काळ्यांच्या रांगेत, ना बायांच्या

अमेरिकेत मिसूरी राज्यात सेंट लुईस नावाचे औद्योगिक शहर आहे. जनरल मोटर्स या जगप्रसिद्ध मोटार कंपनीचा एक कारखाना तेथे होता. १९६४ पूर्वी या कारखान्यात काळ्या स्त्रियांना कामावर घेतच नसत. काळे पुरुष होते, यंत्रांवर आणि जोडणीच्या कामावर. गोऱ्या स्त्रिया होत्या, कचेरीत, टंकलेखनाला, टेबलावर. काळी स्त्री मात्र दोन्हीकडे नव्हती. यंत्रावर ती नको, कारण ती बाई. टेबलावर ती नको, कारण ती काळी.

१९६४ साली अमेरिकन काँग्रेसने नागरी हक्क कायदा केला. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. त्यानंतर कारखान्याचे दार थोडे किलकिले झाले आणि काळ्या बाया आत आल्या. चार पैसे हातात येऊ लागले, मुले शाळेत जाऊ लागली. एवढ्यात मंदी आली. १९७४ च्या आरंभी कंपनीने कामगार कपात केली, आणि कपातीचा नियम होता सेवाज्येष्ठतेचा. जो शेवटी आला तो आधी जाईल. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बाया या एका नियमाने घरी बसल्या.

वाचकहो, नियम वरून किती सरळ दिसतो पाहा. त्यात कुठे काळा शब्द नाही, कुठे बाई शब्द नाही. युनियनलाही तो मान्य होता. सेवाज्येष्ठता हे तर कामगार चळवळीचे कमावलेले हत्यार! पण ज्यांना आधी आत येऊच दिले नाही, त्यांनाच पुढे 'तुम्ही उशिरा आलात' म्हणून बाहेर काढले, हा त्या नियमाचा खरा अर्थ झाला.

एमा डीग्राफनरीड आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी कंपनीवर व युनियनवर दावा लावला. पाचही जणी काळ्या, कष्टकरी. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते : आम्ही काळ्या स्त्रिया आहोत म्हणून आमच्यावर अन्याय झाला आहे.

१९७६ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. न्यायालय म्हणाले, तुम्हाला लिंगभेदाची तक्रार करायची आहे का? मग कंपनीने त्याच काळात स्त्रियांना कामावर घेतले आहे, म्हणजे लिंगभेद नाही. (त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, ही गोष्ट हिशेबात धरली नाही.) तुम्हाला वंशभेदाची तक्रार करायची आहे का? मग त्याच कंपनीविरुद्ध वंशभेदाचा दुसरा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. पण वंश आणि लिंग ही दोन्ही कारणे एकत्र करून तिसराच एक वर्ग उभा करता येणार नाही. असे करू दिले तर नवनव्या वर्गांना अंत राहणार नाही, आणि कायदा करणाऱ्यांनी दिला नाही इतका मोठा उपाय या बायांच्या पदरात पडेल, अशी न्यायालयाला भीती वाटली.

मोठा उपाय! त्या मागत होत्या फक्त गेलेली नोकरी.

पुढे १९७७ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा हा तर्क पुरता मान्य केला नाही. परंतु त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असे ठरवले होते की, प्रामाणिकपणे चालवलेली सेवाज्येष्ठतेची पद्धत, जुन्या भेदभावाचा परिणाम पुढे चालू ठेवत असली, तरी कायदेशीरच होय. त्यापुढे या पाच जणींचे सेवाज्येष्ठतेविरुद्धचे म्हणणे टिकले नाही.

चौक आणि तळघर

हा दावा कायद्याच्या जुन्या पुस्तकांत पडून राहिला असता. तो बाहेर काढला किंबर्ले क्रेनशॉ या काळ्या कायदेपंडित स्त्रीने. १९८९ साली शिकागो विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात तिने एक दीर्घ लेख लिहिला आणि 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द त्यात वापरला. शब्द जड आहे, पण मूळ कल्पना रस्त्यावरची आहे. इंटरसेक्शन म्हणजे चौक, आपली चौफुली. एका रस्त्याने वंशभेदाची वाहने येतात, दुसऱ्या रस्त्याने लिंगभेदाची. चौकात उभ्या असलेल्या बाईला धक्का या बाजूने बसेल, त्या बाजूने बसेल, किंवा दोन्ही बाजूंनी एकदम बसेल. क्रेनशॉ म्हणते, कोणत्या गाडीने किती इजा केली हे आधी सिद्ध कर, तोवर रुग्णवाहिका बोलावणार नाही, असे जखमी बाईला सांगण्याचा प्रकार न्यायालये करीत आहेत.

त्याच लेखात दुसरे एक चित्र आहे, ते आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. एक तळघर आहे. त्यात नाना तऱ्हेचे भेदभाव सोसणारी माणसे एकाच्या खांद्यावर एक अशी उभी आहेत. सर्वांत खाली सर्व बाजूंनी दबलेले, वर एकाच कारणाने दबलेले. वरच्यांची डोकी छताला टेकली आहेत. छताच्या वरच्या मजल्यावर ज्यांना काहीच अडचण नाही असे लोक राहतात. छताला एक झडप ठेवली आहे, आणि तिच्यातून वर जाता येते ते फक्त, 'एवढी एक अडचण सोडली तर मी तुमच्यासारखाच आहे' असे म्हणू शकणाऱ्याला. तळाशी असलेली बाई त्या झडपेपर्यंत पोचतच नाही.

हे वाचताना 'मूकनायक'च्या पहिल्या अंकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजीच्या त्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यामजल्यांना जोडणारी शिडीच नाही. दोन्ही चित्रांमध्ये एकोणसत्तर वर्षांचे अंतर आहे, एक मुंबईचे व दुसरे अमेरिकेचे. क्रेनशॉने मूकनायक वाचला असेल असे समजण्याचे कारण नाही. पण ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ मध्ये शिकायला गेले, त्याच विद्यापीठात पुढे तिनेही कायदा शिकवला. आणि आणखी एक योगायोग असा की, १९८९ याच साली आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीचा इतिहास पुरुषांचा म्हणून सांगितला जात होता आणि स्त्री-चळवळीचा इतिहास वरच्या जातींतील स्त्रियांचा म्हणून. त्या दोन इतिहासांच्या मधल्या फटीत राहून गेलेल्या आपल्या आया-आज्या या दोघींनी गावोगाव जाऊन शोधल्या. चौफुलीचा शब्द न वापरता त्यांनी काम मात्र चौफुलीवरच केले.

अर्थात हे दुखणे क्रेनशॉच्याही आधी ओळखणारी एक स्त्री अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव पॉली मरे. हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठातून ती १९४४ मध्ये वर्गात पहिली येऊन कायद्याची पदवीधर झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिने हार्वर्डकडे अर्ज केला, तो ती स्त्री आहे म्हणून फेटाळला गेला. दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना तेथे 'जिम क्रो' म्हणत. मरेने स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या भेदाला 'जेन क्रो' असे नाव दिले. १९६४ च्या कायद्यात 'लिंग' हा शब्द राहणार की गळणार असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो राहावा म्हणून तिने टिपण लिहून दिले. तिचा मुद्दा असा की, तो शब्द नसेल तर काळ्या स्त्रीला अर्धेच संरक्षण मिळेल. शब्द राहिला. पण बारा वर्षांनी सेंट लुईसच्या न्यायालयाने दोन शब्दांच्या मध्ये भिंत बांधली.

कोणाची प्रतिनिधी?

या भिंतीमुळे कसे चमत्कारिक प्रकार घडले ते पाहण्यासारखे आहे. मिसिसिपी राज्यातल्या औषधांच्या कारखान्यातल्या दोन काळ्या स्त्रियांनी सर्व काळ्या कामगारांच्या वतीने दावा लावला. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, तुम्ही स्त्रिया आहात, काळ्या पुरुषांचे प्रतिनिधित्व तुम्हाला करता येणार नाही. (काळ्या स्त्रियांपुरती भरपाई मात्र तेथे मिळाली.) कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या एका काळ्या स्त्रीने, वरच्या जागांवर बढती देताना स्त्रियांना डावलले जाते अशी तक्रार केली. १९८३ मध्ये तिला उत्तर मिळाले, तू काळी स्त्री म्हणून तक्रार केली आहेस, गोऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व तू नीट करशील याची खात्री नाही. मग उरल्या फक्त काळ्या स्त्रिया. त्यांची संख्या त्या जागांच्या मानाने इतकी थोडी की आकडेवारीने काही सिद्धच होईना. बाई काळ्यांची पुढारी होऊ शकत नाही आणि काळी बाई बायांची पुढारी होऊ शकत नाही. गोरी स्त्री सर्व स्त्रियांच्या वतीने बोलते तेव्हा मात्र तिला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या सभा-संमेलनांतही हा अनुभव नवा नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीचे म्हणणे वेगळे का आहे याची मांडणी केली, तिचा गाभा हाच होता.

सगळेच निकाल विरोधात गेले असे मात्र नाही. टेक्सासमध्ये एका सार्वजनिक संस्थेत डॅफ्रो जेफरीज नावाची काळी स्त्री नोकरीला होती. वरच्या जागेसाठी तिने अर्ज केला, ती जागा काळ्या पुरुषाला मिळाली. संस्थेचा बचाव ठरीव : नेमलेला माणूस काळा, म्हणून वंशभेद नाही, पूर्वी त्या पदावर गोरी स्त्री होती, म्हणून लिंगभेद नाही. १९८० मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. काळे पुरुष आणि गोऱ्या स्त्रिया यांच्याविरुद्ध भेदभाव नसतानाही काळ्या स्त्रीविरुद्ध भेदभाव असू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. या खटल्यातली एक बाजू नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. जेफरीजने आपली बाजू मांडण्यासाठी दफ्तरातले कर्मचाऱ्यांचे गोपनीय कागद नकलून घेतले होते, त्यावरून तिला कामावरून काढले गेले, आणि ते काढणे न्यायालयाने बेकायदा मानले नाही. आपल्या हातात आलेले पत्र, मेमो, आपल्या अर्जाची पोच, तारीखवार लिहिलेली वही, हे आपले असते. कपाटातली दुसऱ्यांची फाईल आपली नसते.

केसांचा एक खटला सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९८१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात रेनी रॉजर्स या काळ्या स्त्रीने अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध दाद मागितली. डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या कामावर चालणार नाहीत, असा कंपनीचा नियम होता. रॉजर्सचे म्हणणे, ही काळ्या स्त्रियांची पिढ्यान्पिढ्यांची केशरचना आहे. न्यायालय म्हणाले, नियम सर्वांना सारखाच आहे. वेण्या जन्मजात नसतात, सोडता येतात. शिवाय एका गोऱ्या नटीने चित्रपटात तशा वेण्या घातल्यावर तू त्या घालू लागलीस. पिढ्यांचा वारसा एका नटीच्या खात्यावर जमा झाला! अशा केशरचनेवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवणारा राज्य कायदा कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी. नंतर इतरही अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

घरकाम करणाऱ्या काळ्या बायांची गोष्ट तर न्यायालयापर्यंत पोचण्याच्याही आधी संपत असे. १९३८ च्या किमान वेतन व कामाच्या तासांच्या कायद्यातून शेतमजुरांना वगळले होते, आणि घरकाम करणाऱ्यांनाही त्याचे छत्र नव्हते. त्या काळी नोकरी करणाऱ्या बहुसंख्य काळ्या स्त्रिया याच दोन कामांत होत्या. कायद्यात कोणाच्या रंगाचा उल्लेख नव्हता, फक्त कामाचा होता. अटलांटात स्वतः लहानपणापासून धुणीभांडी केलेल्या डोरोथी बोल्डेन यांनी १९६८ मध्ये घरकामगारांची संघटना बांधली, आणि १९७४ मध्ये घरकामगार किमान वेतनाच्या कायद्याखाली आले.

हिशेब कसा मांडायचा

आता प्रश्न उपायाचा. उपाय पुष्कळसा साध्या गणितात आहे. समजा, एका कारखान्यात दोनशे माणसे आहेत. व्यवस्थापन दोन अहवाल लिहिते. पहिल्यात : आमच्याकडे साठ काळे आहेत, तीस टक्के. दुसऱ्यात : आमच्याकडे साठ स्त्रिया आहेत, तीस टक्के. दोन्ही अहवालांवर शाबासकी मिळते. आता तोच हिशेब चार घरांत मांडा. गोरे पुरुष ऐंशी, काळे पुरुष साठ, गोऱ्या स्त्रिया साठ, काळ्या स्त्रिया शून्य. दोन अहवालांत जे कधीच दिसले नसते ते चौथ्या घरात उघडे पडते. अमेरिकेत शंभर वा अधिक नोकर असलेल्या खासगी मालकाला सरकारकडे दरवर्षी जो तक्ता भरावा लागत आला आहे, त्यात वंश आणि लिंग यांची घरे अशीच एकमेकांत गुंफलेली असतात.

दुसरी गोष्ट तक्रार लिहिण्याची. १९९४ मध्ये हवाई विद्यापीठाविरुद्ध व्हिएतनामी वंशाच्या एका स्त्रीने नोकरी नाकारल्याबद्दल दावा केला. अपील न्यायालयाने सांगितले की अशा स्त्रीची ओळख मधोमध चिरून, वंश इकडे आणि लिंग तिकडे, असे तपासता येणार नाही. दोन्ही मिळून झालेला भेद आहे का, हे पाहावे लागेल. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने तर एकत्रित कारणांवरून होणारा भेदभावही बेकायदाच, असे कायद्यात लिहूनच टाकले. उलट ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्यात दोन कारणांच्या एकत्रित भेदभावाचे कलम घातले गेले, पण पुढच्याच वर्षी सरकारने ते अमलात आणणार नसल्याचे जाहीर केले. अमेरिकेतही वारे फिरले आहे. सरकारी कंत्राटदारांवर समान संधीची जबाबदारी टाकणारा १९६५ चा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. १९६४ चा कायदा मात्र कायम आहे.

आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान 'किंवा यांपैकी कोणत्याही' कारणावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई आहे. पण त्याच वाक्यात 'केवळ' हा शब्दही आहे, आणि त्याने बराच घोळ घातला. हवाई सुंदरींच्या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, भेद केवळ लिंगावरून नसून त्याबरोबर इतरही बाबी आहेत, अशी भूमिका घेतली. (पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवणारी अट मात्र रद्द केली.) म्हणजे दोन कारणे असली की एकही कारण उरत नाही! २०१८ मध्ये समलिंगी संबंधांविषयीच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनी या विचारपद्धतीवर टीका केली.

भंवरीदेवींचे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. राजस्थानातील भटेरी गावची कुंभार समाजातील ही स्त्री, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करी. वरच्या जातीच्या घरातला बालविवाह रोखण्याचे तिने आपले कर्तव्य केले, आणि १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. आज कचेऱ्यांतून ज्या अंतर्गत समित्या आहेत त्या तिच्यामुळे. पण विशाखा निकालपत्रात तिच्या जातीचा विषय नाही, एका गावातील समाजसेविका एवढाच उल्लेख आहे. समिती लैंगिक छळाची चौकशी करते. साहेबाने त्याच दमात जातीवरून काढलेले उद्गार कुठे न्यायचे? म्हणून आपल्या घरची मुलगी-सून अशी तक्रार लिहीत असेल, तर घडले ते सलग लिहावे. बोललेले शब्द जसेच्या तसे, जातीचे आणि बाईपणाचे वेगळे न करता, तारीख, वेळ, कोण हजर होते यांसह. नंतर तोच मजकूर मागासवर्गीय कक्षाकडे वा पोलिसांकडे द्यावा लागला तर दोन कागदांत दोन हकिकती होत नाहीत.

सेंट लुईसची भिंत आपल्याकडे भरतीतही उभी राहिली होती. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के समांतर आरक्षण आहे. प्रत्येक प्रवर्गात स्त्रियांच्या जागा वेगळ्या धरल्या जातात, म्हणजे बिंदुनामावलीत चार घरांचा हिशेब तत्त्वतः आहे. पण खुल्या प्रवर्गातील स्त्रियांच्या जागा कोणाच्या? अनेक ठिकाणी उत्तर मिळे, ज्या मागासवर्गीय नाहीत त्यांच्या. तुला गुण जास्त असले तरी तू 'मागासवर्गीय स्त्री', तुझी रांग तिकडे. उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई भरतीत एका ओबीसी तरुणीला २७६ हून अधिक गुण होते, आणि खुल्या स्त्री जागेवर शेवटी निवडल्या गेलेल्या उमेदवाराला २७४ हून थोडे अधिक. तरीही तिला डावलले गेले. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खुला प्रवर्ग ही कोणा जातींची राखीव जागा नव्हे, तो सर्वांना खुला आहे, आणि स्त्रियांच्या समांतर जागांनाही हेच लागू. मुंबई उच्च न्यायालयाचे अशा प्रकरणांतले काही निकालही त्या वेळी विचारात घेतले गेले.

तेव्हा निवड यादी लागली की आपल्या मुलीचे नाव फक्त अनुसूचित जाती-स्त्री या रकान्यात शोधून थांबू नये. खुल्या-स्त्री रकान्यातले शेवटचे नाव आणि त्यापुढचे गुण आधी पाहावेत. तिचे गुण त्याहून जास्त असतील तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा, अर्जात सौरव यादव निकालाचा उल्लेख करावा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्यावी. गुणांचे विवरण संकेतस्थळावरून पुढे काढले जाते, म्हणून त्याची छापील प्रत काढून घरी ठेवावी.